सरांचा डावा पाय

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो धारच्या आमच्या गणिताच्या सरांचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं आणि हे कधी त्यांच्या हाती पडलं, तर ते त्या नावावर लाल रेघ मारतील आणि समासात लिहितील, 'अनावश्यक'. माझ्या पत्रांवर त्यांनी हा शब्द इतक्यांदा लिहिला आहे की तो आता त्यांच्याच अक्षरात माझ्या डोक्यात बसला आहे.

पत्रांचं आधी सांगतो. माझे वडील खानदेशातून पीथमपूरच्या कारखान्यात माल चढवायला आले आणि आम्ही धारला एका खोलीत राहिलो. घरी मराठी बोलायचो, पण शाळा हिंदी, दोस्त हिंदी, रस्त्यावर माळवी. मराठी वाचायचं म्हटलं की मी अक्षर अक्षर जुळवत बसायचो. सरांचं घराणं जुनं, संस्थानाच्या काळात दरबारी नोकरीत असलेलं. त्यांच्याकडे देवापुढे म्हणायची मराठीही वेगळीच होती. मला इंदूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा ते म्हणाले, "इंजिनिअर होशील, चांगलं आहे. पण महिन्याला मला एक पत्र येईल. मराठीत. फोन चालणार नाही."

ती पत्रं ते लाल पेनानं तपासून परत पाठवायचे. "मुद्दा आधी लिही, भावना मागून." "हे वाक्य हिंदी आहे, फक्त कपडे मराठी." एकदा मी वरती 'तीर्थरूप' लिहिलं, तर तो शब्द खोडून त्यांनी लिहिलं होतं, 'हे तुझ्या वडिलांचं. मला नुसतं सर पुरे.' आज मी देवासच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत, आणि महिन्याला पत्र अजून जातं. लाल होऊन परतही येतं.

आता गाडीचं. सरांकडे एक जुनी मोटार आहे. गोल दिवे, जाड पत्रा, पुढे एकसंध लांब सीट, गिअर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर. ती आधी सरांच्या वडिलांची होती. धारमध्ये तिला सगळे ओळखतात. माझ्या घरातलं कोणी कधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं; मी चढलो तो याच गाडीतून उतरून.

प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. वडिलांना सुट्टी मिळाली नाही. सर म्हणाले, मी नेतो. मागच्या सीटवर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझी कागदपत्रांची फाईल मांडीवर धरून बसल्या होत्या. घाटाबिल्लोदच्या पुढे क्लचचं पेडल एकदम खाली गेलं आणि वर आलंच नाही. दांडा तुटला होता. मी रडकुंडीला आलो. सर खाली उतरले, वाकून बघितलं, हात पुसले आणि परत बसले. पहिला गिअर टाकून त्यांनी सेल्फ मारला. गाडी बोकडासारखी उड्या मारत निघाली. मग दुसरा गिअर, मग तिसरा, क्लच नसताना, एंजिनाचा आवाज ऐकून, नेमक्या क्षणी दांडी सरकवत.

"गिअर हातानं नाही, कानानं बदलायचा," ते म्हणाले.

"आणि थांबायचं कशानं?" काकूंनी मागून विचारलं.

"थांबायचं नाही. म्हणून तर तू मागे बसून रामरक्षा म्हण."

इंदुरात शिरल्यावर प्रत्येक चौकात गाडी बंद करायची आणि पुन्हा सेल्फ मारायचा असं करत आम्ही पोहोचलो. प्रवेशाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. काकू फाईल घेऊन माझ्यापुढे धावल्या. त्यांच्या अंगावर जांभळी माहेश्वरी साडी होती, तिचा काठ धुळीनं पांढरा झाला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

काकू गेल्याला आता दीड वर्ष झालं. सर एकटे राहतात. त्यांचा कान बराच गेला आहे, फोनवरचं नीट समजत नाही. मुलगी पुण्याला असते, तिला मी ताई म्हणतो. ती रोज संध्याकाळी फोन करते, सर फोन स्पीकरवर टाकून कानाला लावतात, आणि निम्मं बोलणं शेजाऱ्यांनाच जास्त कळतं.

या दिवाळीनंतरच्या पत्रात माझ्या चुका दाखवून झाल्यावर खाली सरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'दसऱ्यापासून गाडीचा क्लच नीट सुटत नाही. पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. सवडीनं येऊन बघशील का?' सरांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

सवड म्हणजे रविवार. सहा दिवस मशिनं बंद पडतात म्हणून आम्ही धावतो, सातव्या दिवशी आपण बंद पडावं असं वाटतं. तरी सकाळी देवासहून इंदूर, मग गंगवाल स्टँडवरून धारची बस. पाय पसरायला जागा नाही, खिडकी लागत नाही, तोंडात धूळ. धारला उतरलो की स्टँडबाहेर उभ्याउभ्या पोहे खायचे आणि सरांच्या घरापर्यंत चालत जायचं. असे चार आठवड्यांत मी तीन रविवार केले. तक्रार नाही. पण थकलो होतो हे खरं आहे, आणि थकलेला माणूस समोरचं सोडून लांबचं बघतो.

पहिल्या रविवारी सरांनी गाडी स्वतः मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. मी शेजारी होतो. प्रत्येक वेळी पहिला गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. "मला ऐकू येत नाही," सर म्हणाले, "पण हाताला कळतं."

मिस्त्री माझ्याच वयाचा, त्याच्या वडिलांनी हीच गाडी दुरुस्त केलेली. तो आत बसणार इतक्यात मी त्याला थांबवलं आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅट काढून घेतल्या. त्याच्या चपलांना ऑइल होतं आणि वरची मॅट काकूंच्या हातची होती, जुन्या साडीचे पदर एकावर एक ठेवून गोधडीसारखी शिवलेली. मी ती वर्तमानपत्रावर नीट घडी घालून ठेवली. मिस्त्री एक चक्कर मारून आला.

"सरजी, इसमें कुछ नी है. मक्खन चल री है."

"काय म्हणतो?" सरांनी मला विचारलं.

"गाडी ठीक आहे म्हणतो, सर."

मिस्त्रीनं मला घेऊन आणखी एक चक्कर मारली. खरंच, एकदाही करकरलं नाही. मी मॅट झटकून जशा होत्या तशा अंथरल्या आणि सर गाडी घेऊन निघाले. गॅरेजच्या दारातच, करर्र. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, बुरा मत मानना. बाबूजी की उमर भी तो देखो. पैर पूरा दबता नी होगा."

दुसऱ्या रविवारी त्यानंच तोड काढली. क्लच काम सुरू करण्याआधी पेडलाला थोडी मोकळी हालचाल असते, तिला ते प्ले म्हणतात. दांड्यावरचा नट फिरवून त्यानं तो जवळजवळ काढूनच टाकला, म्हणजे अर्धवट दाबलं तरी क्लच सुटेल. म्हाताऱ्या माणसासाठी पायरी कमी उंचीची करावी तसं. मॅट मी याही वेळी आधी काढून ठेवल्या आणि नंतर परत अंथरल्या. गावात गाडी छान चालली. सर खूश झाले, म्हणाले, चल मांडूला, कणीस खाऊ. काकू असताना ते दोघं महिन्यातून एकदा तरी जायचे, भिंतीच्या कडेला गाडी लावून दरीकडे बघत बसायचे.

मांडू आलंच नाही. चढाला गाडी नुसती ओरडायला लागली, एंजिन पळतंय आणि चाकं रखडतायत. जळका वास आला. प्लेच नसल्यामुळे क्लच पुरता पकडत नव्हता, घसरत होता. मी म्हटलं, सर, परत फिरू या. सरांनी गाडी वळवली. संध्याकाळी मिस्त्रीनं नट पुन्हा मूळ जागी आणला, आणि करकर पण मूळ जागी आली.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो.

"बाबा, मिस्त्री म्हणतो गाडीत काही नाही. हा म्हणतो गाडीत काही नाही. मग उरलं कोण?"

सरांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाले, "मी उरलो."

"मी तसं नाही म्हणत, बाबा."

"तू म्हणतेस ते बरोबर आहे. एक एक पर्याय खोडत गेलं की शेवटी राहतं ते उत्तर. मीच शिकवलं आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी डावा पाय स्टुलावर घेतला आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा पाय आहे. मला तेव्हाच समजायला हवं होतं की गाडीचा प्रश्न आता गाडीचा राहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते सकाळी फिरायला जायचे बंद झाले. काठी आली. काठीची गरज होती की नाही, मला माहीत नाही. पण पाय गेला असं एकदा मान्य केल्यावर माणूस पायाशी तसाच वागायला लागतो. आणि इंदूरच्या एका गृहस्थाला, ज्यांना जुन्या गाड्या जमवण्याचा शौक आहे, सरांनी निरोप पाठवला की येऊन गाडी घेऊन जा.

तिसऱ्या रविवारी मी गेलो तो दुरुस्तीला नाही, गाडी धुवायला. ते गृहस्थ पुढच्या रविवारी येणार होते. सर व्हरांड्यात काठी घेऊन बसले होते.

"नीट पूस रे. सासरी चालली आहे."

धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "एक चक्कर मारून आण. तू चालव. मी शेजारी बसतो."

मी सरांच्या जागेवर कधी बसलो नव्हतो. बसू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या खुर्चीवर जसं बसत नाही, तसं तिथेही नाही. आधीच्या दोन्ही रविवारी मी शेजारी बसून ऐकलं, खाली झोपून दांडा तपासला, पण स्टिअरिंगमागे बसून, सर दाबतात तसं ते पेडल स्वतः दाबून बघितलं नव्हतं. मी बूट काढून बाहेर ठेवले आणि अनवाणी आत बसलो.

"देवळात चालला आहेस का?" सर म्हणाले.

मी क्लच दाबला, पहिला टाकला. करर्र.

सरांनी दांडीवर बोट ठेवलं होतं, त्यांना ते कळलं. ते हसले. "तुझाही पाय गेला का रे?"

मी पुन्हा दाबला, सावकाश, चवड्यानं. आणि अनवाणी असल्यामुळे मला जाणवलं की पेडल पत्र्यावर जाऊन थांबत नाही. ते कशात तरी मऊ रुतून थांबतं. शेवटचं बोटभर अंतर तसंच राहतं. आणि त्या बोटभरातच क्लच सुटायचा असतो.

मी खाली वाकलो. सरांची नेहमीची काथ्याची मॅट, आणि तिच्यावर काकूंची. माझ्या पायाखालचा काठ मी आता ओळखला. जांभळी माहेश्वरी. मी सरांच्या पायांकडे पाहिलं, डाव्या बाजूला, जिथे काकू बसायच्या. तिथे काहीच नव्हतं, नुसता काळा पत्रा. वर्षानुवर्षं ती मॅट तिथे असायची. दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, आधी काकू गाडी धुवायच्या, मॅट वाळवायच्या, अंथरायच्या. गेल्या वर्षी सुतक सरलं होतं, पण सरांनी पूजा केली नाही. या वर्षी पहिल्यांदा सगळं एकट्यानं केलं होतं. रिकाम्या बाजूला ती मॅट घालणं त्यांच्यानं झालं नसेल, म्हणून ती आपल्या पायाखाली घेतली असेल.

दसऱ्यापासून. त्यांनी पत्रात लिहिलंही होतं.

मी मॅटला हात लावला. सर समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "ती राहू दे," ते म्हणाले.

"सर?"

"पायाला बरं वाटतं. पुढच्या रविवारी ते न्यायला येतील तेव्हा तेवढी काढून घेऊ."

मी हात मागे घेतला. काय बोलणार होतो? त्या कानांना ऐकू जाईल अशा आवाजात, ओरडून, की काकूंची मॅट आड येते आहे? मी चक्कर मारून आणली, करकरत. संध्याकाळच्या बसमध्ये उभा राहून परत आलो. आमच्या कारखान्यात एक जुना फिटर होता, तो म्हणायचा, साहब, मशीन बाद में देखो, पहले आदमी जहाँ खड़ा है वहाँ जाके खड़े रहो. मी नव्या मुलांना हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगतो. आणि सरांच्या बाबतीत, आदर म्हणून, मी तिथे उभा राहिलो नाही. आदर म्हणूनच दर वेळी मॅट बाजूला काढून ठेवल्या, आणि दोषही त्यांच्याबरोबर घडी घालून बाजूला ठेवला. मग पुन्हा अंथरला.

सोमवारी शिफ्टच्या आधी पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. चौथा टाकला तो असा.

*

सर,

तुमचा पाय ठीक आहे.

मुद्दा आधी लिहायचा म्हणून हे आधी लिहिलं. रीत खाली देतो.

क्लचचं पेडल पूर्ण खाली जात नाही, कारण त्याच्या खाली दोन मॅट आहेत. एक काथ्याची, तुमची. तिच्यावर काकूंची. दोन्ही मिळून बोटभर जाड होतात आणि तेवढंच अंतर कमी पडतं. मिस्त्रीनं गाडी चालवली तेव्हा मॅट नव्हत्या, म्हणून करकरली नाही. तुम्ही चालवली तेव्हा होत्या, म्हणून करकरली. मी काल चालवली तेव्हाही होत्या, म्हणून माझ्या पायानंही करकरली. माझा गुडघा दुखत नाही. म्हणजे गुडघ्याचा संबंध नाही.

मॅट दर वेळी मीच काढल्या आणि मीच घातल्या. मिस्त्रीच्या चपला काकूंच्या साडीवर नकोत म्हणून. पर्याय खोडताना आपण सगळ्यांनी हा एक पर्याय मांडलाच नव्हता. चूक माझी आहे आणि तिच्यामुळे तुम्ही इतके दिवस स्वतःच्या पायाला दोष दिलात. त्याची माफी कशी मागायची हे मला मराठीत येत नाही, हिंदीतही येत नाही.

काल गाडीत मला कळलं होतं. तुम्ही 'राहू दे' म्हणालात, म्हणून बोललो नाही. बोलायला हवं होतं का, ते समासात लिहा.

मॅट टाकायची नाही. ती डावीकडे, होती तिथे परत घालायची. ती बाजू रिकामी दिसते, हे मला माहीत आहे. पण तिथे ती मॅट असली की मला ती रिकामी वाटणार नाही, काकू फाईल घेऊन पुढे धावत गेल्यासारखं वाटेल. हे वाक्य अनावश्यक असेल तर खोडा.

तुम्ही यापुढे गाडी चालवावी का, हा वेगळा प्रश्न आहे. कानाचं काय, वयाचं काय, ताईंना काळजी वाटते तिचं काय. तो तुम्ही आणि ताईंनी ठरवायचा. गाडी द्यायची ठरली तर मी येऊन पुन्हा धुऊन देईन. पण ती या कारणासाठी देऊ नका. उत्तर बरोबर असलं तरी रीत चुकली तर तुम्ही आम्हाला गुण देत नव्हता.

हे पत्र बुधवारी किंवा गुरुवारी मिळेल. इंदूरचे गृहस्थ रविवारी येणार आहेत, म्हणून मध्ये दोन-तीन दिवस आहेत. पत्र मिळाल्यावर काठी दाराशी ठेवा, गाडीत बसा, काकूंची मॅट उचलून डावीकडे घाला आणि क्लच दाबा. पाय पत्र्याला लागेल. पहिला गिअर टाका. कानाला नाही कळलं तरी हाताला कळेल.

मग चुका दाखवून हे परत पाठवा. तुमच्या गल्लीतली पत्रपेटी काढून टाकल्याला बरेच दिवस झाले, पोस्टापर्यंत पायी जावं लागेल.

तुमचा विद्यार्थी